देवाला स्तुतीची भूक होती म्हणून माणूस घडवला?

‘देवाला स्तुती हवी होती, म्हणून त्याने माणूस निर्माण केला,’ हे वाक्य किती वर्षं ऐकतोय. आधार दिला जातो बायबलमधल्या ‘यशया’ या पुस्तकातल्या ४३:७ (अध्याय ४३, ओळ ७) चा: ‘माझ्या गौरवासाठी मी त्याला निर्माण केलं.’ पण ओळ एकटी उचलली की अर्थ बिघडतो.

आधीच्या दोन ओळी वाचा. देव इस्राएलच्या लोकांना सांगतोय: पूर्वेकडून, पश्चिमेकडून तुझ्या मुलांना परत आणीन. उत्तरेला सांगेन ‘सोड’, दक्षिणेला ‘अडवू नकोस’. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, तिथली माणसं कैद करून बॅबिलोनला नेली गेली. घरदार गमावलेल्यांना दिलेला हा धीर आहे: तुम्ही टाकाऊ नाही, माझं नाव तुमच्यावर आहे.

आता ‘गौरव’. मूळ हिब्रू शब्द ‘कावोद’, धातू ‘जड असणं’. बायबलच्याच ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात म्हातारा याजक एली आसनावरून मागे कोसळतो, मान मोडते, कारण तो ‘कावेद’, म्हणजे अंगाने जड होता. आपला ‘गौरव’ही ‘गुरु’, म्हणजे जड, यावरूनच आला, हे मला फार सुंदर वाटतं. कावोद म्हणजे वजन, प्रतिष्ठा, दिसून येणारं तेज. निव्वळ टाळ्या नव्हेत.

आणि भुकेचं म्हणाल, तर स्तोत्र ५० मध्ये देव स्वतःच म्हणतो: मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, कारण जग माझंच आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती २:१५ मध्ये, तर माणसाला एदेन बागेत ठेवलं जातं ते तिची मशागत आणि राखण करायला. स्तुतीचा तिथे शब्दही नाही.