पार्श्वभूमी : ऑनर्सचं चौथं वर्ष वॉर्डात की प्रबंधात?

उपयोजित आरोग्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची चर्चा कोकणात नव्या शैक्षणिक धोरणामुळे सुरू झाली असली, तरी ती ज्या कामांसाठी आहे ती इथे जुनीच आहेत. एके काळी गावात देवीची लस टोचणारा देवीडॉक्टर यायचा. १९५३ पासून हिवतापाच्या कार्यक्रमात बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेणारे आले. खासगी दवाखान्यात कंपाऊंडर होताच. त्यांना पदवी कुणी विचारली नाही. पुढे बारावी सायन्सनंतर डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) करून बाजारपेठेत लॅब टाकायची वाट रुळली. पदवीच हवी असेल तर मुंबई, कोल्हापूर नाहीतर बेळगाव. गेलेले फारसे परतले नाहीत.

निकड जाणवली ती २०१६ मध्ये, दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने डोकं वर काढलं तेव्हा. काजूच्या बागेत, रानात वावरणाऱ्यांना गोचीड चावायची, ताप भरायचा आणि रक्ताचा नमुना बर्फाच्या डब्यातून बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत रवाना व्हायचा. नळीवरच्या चिठ्ठीत नाव, गाव आणि तापाचा कितवा दिवस हे हवंच. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू शोधायचा असतो, नंतर प्रतिपिंडं. दिवस चुकीचा लिहिला की तपासणीच चुकीची लागते. ती चिठ्ठी सहसा डॉक्टर लिहीत नाही. २०२० मध्ये करोनाचे सुरुवातीचे स्वॅबही जिल्ह्याबाहेरच जात होते आणि अहवाल येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला.

मार्च २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा आला आणि 'पॅरामेडिकल' या एका गाठोड्यात बांधलेले व्यवसाय दहा गटांत विभागले गेले. हा कायदा तास मोजतो. 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' या वर्गासाठी किमान २००० तास, दोन ते चार वर्षांत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या वरच्या वर्गासाठी किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. पदवी साधी की ऑनर्स, याच्याशी त्या व्याख्यांना देणंघेणं नाही. ऑनर्स आली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या वेगळ्याच आराखड्यातून, आणि तो क्रेडिट मोजतो : तीन वर्षांना १२०, चौथ्यासह १६०. व्याख्यानाच्या १५ तासांना एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक.

गाडी इथेच अडली आहे. आरोग्य विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. इतर विद्यापीठांच्या ऑनर्समध्ये चौथं वर्ष म्हणजे वरचे विषय किंवा संशोधन. कागदावर दोघंही चार वर्षं शिकलेले. एकाने रात्रपाळीत डायलिसिसचं मशीन सांभाळलं, दुसऱ्याने प्रबंध लिहिला. कायद्याखाली नोंदणीच्या वेळी दोघांना एकाच मापाने कसं मोजणार?

संशोधनवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ऑनर्स झाली की एका वर्षात मास्टर्स होतं, ७५ टक्के असतील तर पीएचडीचं दारही थेट उघडतं. पण संशोधनासह ऑनर्स चालवायची तर विभागात पीएचडीचे मार्गदर्शक होऊ शकतील असे किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. तासिका तत्त्वावर विभाग चालवणाऱ्या महाविद्यालयांनी ते आणायचे कुठून? (माहितीपत्रकात ही अट सापडली तर नशीब.) मला विचाराल तर इथल्या मुलांचं चौथं वर्ष ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतच जायला हवं. तिथे तंत्रज्ञ हवा आहे आणि शिकायला लेप्टोच्या तापापासून सर्पदंशापर्यंत सगळं आहे.

२०२१ पासून अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आल्याने इंटर्नशिपची जागा हा प्रश्न थोडा हलका झाला. दक्षिण सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण मात्र अजून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातच नेतात. एप्रिल २०२५ मध्ये दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर झाले. डायलिसिस, भूलशास्त्र, आहारशास्त्र त्यांत आहेत. त्याच वर्षी असे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायलाही बंदी आली.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. तेव्हा दाखल झालेली मुलं चौथ्या वर्षाला पोचतील ती २०२७ मध्ये. रुग्णालयांशी करार आणि विद्यावेतन कुणी द्यायचं, हे तोवर ठरवावं लागेल.