आफ्रिकी साहित्यसमीक्षेची पार्श्वभूमी : कंपाला ते नैरोबी

वसाहतोत्तर साहित्याचा अभ्यास म्हटले की एडवर्ड सैद यांचे १९७८ चे 'ओरिएंटॅलिझम' आणि तीन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांचे १९८९ चे 'द एम्पायर राइट्स बॅक' ही नावे प्रथम समोर येतात. त्यामुळे आफ्रिकी लेखकांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांचा अर्थ लावणारे विचारव्यूह मात्र लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तुळात तयार झाले, असा समज सहज रूढ होतो. वस्तुस्थिती तशी नाही. आफ्रिकी साहित्य म्हणजे काय, ते कोणत्या भाषेत लिहावे, त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर आणि कोणी करावे, हे सगळे प्रश्न त्याआधी दोन-तीन दशके इबादान, कंपाला आणि नैरोबी येथे कडाडून चर्चिले गेले होते, आणि वाद घालणारे बहुतेकजण स्वतः लेखक होते.

या वादाचे मूळ वसाहतकाळातील उच्चशिक्षणात आहे. नायजेरियातील इबादानचे युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८ मध्ये सुरू झाले, ते लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली. युगांडाची राजधानी कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयही त्याच व्यवस्थेचा भाग होते. पदव्या लंडनच्या, अभ्यासक्रमही बव्हंशी लंडनचा. इबादानच्या पहिल्या तुकडीतील चिनुआ अचेबे यांना तिथे जॉइस केरी यांची 'मिस्टर जॉन्सन' ही नायजेरियावरची कादंबरी वाचावी लागली. त्या कादंबरीतील आफ्रिकी माणूस आपल्या ओळखीचा नाही, ही जाणीव त्यांच्या लेखनामागच्या प्रेरणांपैकी एक ठरली. म्हणजे १९५८ ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी असली, तरी तिच्या पोटात एक समीक्षा होती.

त्याआधी १९५२ मध्ये लंडनच्या फेबर प्रकाशनाने अमोस टुटुओला यांची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' काढली. कवी डिलन टॉमस यांनी तिचे मनापासून कौतुक केले. पश्चिम आफ्रिकेतील अनेक सुशिक्षित वाचकांना मात्र तिच्या मोडक्यातोडक्या वाटणाऱ्या इंग्रजीची लाज वाटली, आणि अशा पुस्तकामुळे आपल्याविषयीचे युरोपीय पूर्वग्रह पक्के होतील, अशी धास्तीही वाटली. एकच पुस्तक दोन ठिकाणी दोन टोकांच्या कारणांनी गाजले. आफ्रिकेतील समीक्षेला स्वतःचे व्यासपीठ हवे, हे यातून उघड झाले.

ती व्यासपीठे नियतकालिकांच्या रूपाने आली. अलियून दिओप यांनी १९४७ मध्ये 'प्रेझांस आफ्रिकेन' सुरू केले होते. सेंगोर, सेझेर आणि दामास या कवींच्या नेग्रिट्यूड विचाराला, म्हणजे काळ्या अस्मितेचा गौरव करणाऱ्या विचाराला, त्याने मोठा आधार दिला, पण त्याची भाषा प्रामुख्याने फ्रेंच होती. इंग्रजीत १९५७ साली इबादानहून 'ब्लॅक ऑर्फियस' निघाले, आणि १९६१ मध्ये कंपाला येथे रजत निओगी या बंगाली वंशाच्या तरुणाने 'ट्रान्झिशन' काढले. पुढच्या दशकातील बहुतेक महत्त्वाचे वाद या एका नियतकालिकाच्या पानांवर झाले. १९६२ मध्ये लंडनच्या हाइनेमान प्रकाशनाची 'आफ्रिकन रायटर्स सीरिज' ही पुस्तकमाला सुरू झाली. तिचे पहिले संपादक स्वतः अचेबे होते आणि ते दहा वर्षे त्या पदावर राहिले. या मालेची स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके मोठ्या प्रमाणात शाळा-महाविद्यालयांत खपत. त्यामुळे आफ्रिकी समीक्षेचा एक मोठा भाग परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला गेला. याचा परिणाम तिच्या सुबोधतेवर चांगला झाला, हे नमूद केले पाहिजे.

जून १९६२ मध्ये मकेरेरे येथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. अचेबे, सोयिंका, जे. पी. क्लार्क, क्रिस्टोफर ओकिग्बो, दक्षिण आफ्रिकेचे इझिकेल म्फालेले व लुईस न्कोसी, अमेरिकेहून आलेले लँग्स्टन ह्यूज असे लेखक एकत्र आले. मकेरेरेचा केनियन विद्यार्थी जेम्स न्गुगी प्रकाशित झालेल्या दोन लघुकथांच्या बळावर आत बसला होता. त्याने आपल्या कादंबरीचे हस्तलिखित अचेबे यांच्या हाती दिले, आणि पुढे 'वीप नॉट, चाइल्ड' या नावाने १९६४ मध्ये ती हाइनेमानच्या मालेत आली. हाच विद्यार्थी नंतर न्गुगी वा थ्योंगो या नावाने या परिषदेचा सर्वांत कठोर टीकाकार झाला. त्यांचा आक्षेप साधा होता: पात्रतेची अट इंग्रजी असल्यामुळे योरुबात लिहिणारे फागुन्वा किंवा स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट यांना तिथे जागाच नव्हती. शाबान रॉबर्ट यांचे निधन त्याच जून महिन्यात झाले. परिषदेला 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेचा पैसा होता, आणि त्या संस्थेमागे अमेरिकेची सी.आय.ए. असल्याचे १९६६-६७ मध्ये उघड झाले. त्यामुळे तिथे झालेली चर्चा खोटी ठरत नाही, असे मला वाटते. परंतु इंग्रजी हाच सर्वांना जोडणारा धागा असे गृहीत धरणे कोणाच्या सोयीचे होते, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, नायजेरियाचे ओबी वाली यांनी 'ट्रान्झिशन'मध्ये लिहिले की इंग्रजी-फ्रेंचचा विनातक्रार स्वीकार म्हणजे आफ्रिकी साहित्यासाठी बंद गल्ली आहे. प्रत्युत्तरांचा पाऊस पडला. अचेबे यांनी मांडले की इंग्रजी ही आपल्याला मिळालेली गोष्ट आहे, ती आपण वापरू, पण आपल्या अनुभवाचे ओझे पेलण्यासाठी तिला वाकवावे लागेल. हा वाद तत्त्वाच्या पातळीवर चालू असतानाच युगांडाचे कवी ओकोट प'बिटेक यांनी एक निराळे उत्तर देऊन टाकले. आपले दीर्घकाव्य त्यांनी आधी अचोली या आपल्या मातृभाषेत रचले आणि मग स्वतःच त्याचे इंग्रजी रूप 'साँग ऑफ लाविनो' म्हणून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. नवऱ्याच्या पाश्चात्त्य वेडावर तुटून पडणारी लाविनो ही शाळा न शिकलेली बाई आहे, आणि त्या काव्याची लय अचोली गाण्यांची आहे. मौखिक परंपरेला वगळून या काव्याची समीक्षा करणे कोणालाच शक्य नव्हते.

या सगळ्याचा संस्थात्मक परिणाम १९६८ मध्ये नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दिसला. सप्टेंबरमध्ये इंग्रजी विभागाच्या प्रभारी प्रमुखांनी कला शाखेच्या मंडळापुढे एक टिपण ठेवले. एकाच संस्कृतीच्या ऐतिहासिक सातत्याचा अभ्यास, हे इंग्रजी विभागाचे बलस्थान म्हणून त्यात सांगितले होते. २४ ऑक्टोबर रोजी न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग या तिघांनी त्याला लेखी उत्तर दिले. त्यांनी नेमके हेच वाक्य पकडले. एका संस्कृतीच्या सातत्याचा अभ्यास आवश्यक असेल, तर ती संस्कृती आफ्रिकी का असू नये, आणि इतर संस्कृती तिच्या संदर्भात का पाहू नयेत, असे त्यांनी विचारले. इंग्रजी विभाग बंद करून साहित्य विभाग उघडावा, अशी त्यांची मागणी होती. शेक्सपिअरला हाकलण्याची ही मागणी नव्हती, जरी तिचे वर्णन पुष्कळदा तसे केले जाते. मध्यभागी मौखिक साहित्य, स्वाहिली आणि आधुनिक आफ्रिकी लेखन ठेवावे, त्यानंतर कॅरिबियन आणि आफ्रो-अमेरिकन, आणि मग युरोपसह उरलेले जग, असा क्रम त्यात होता. मौखिक साहित्याचा आग्रह सर्वांत दूरगामी ठरला, कारण त्यासाठी विद्यार्थ्याला ग्रंथालयाबाहेर पडून गावात जावे लागणार होते आणि तिथे जाणकार म्हणून शेतकरी व म्हाताऱ्या बायका समोर येणार होत्या. विभागाचे रूप खरोखरच बदलले, आणि १९७४ मध्ये केनियाच्या शाळांतील साहित्य-अध्यापनावर नैरोबीत परिषद झाली.

त्याच वर्षी जानेवारीत मकेरेरे येथे अचेबे यांनी 'वसाहतवादी समीक्षा' या विषयावर निबंध वाचला. आफ्रिकी कादंबरीत 'वैश्विकता' शोधणाऱ्या समीक्षकांवर त्यांचा रोख होता. पात्रांची आणि गावांची नावे बदलून कादंबरी कुठेही लागू पडते का, ही कसोटी तुम्ही एखाद्या अमेरिकी कादंबरीला आफ्रिकी नावे देऊन का लावत नाही, असे त्यांनी विचारले. समकालीन समीक्षेत मला याहून नेमका प्रश्न आढळलेला नाही. १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात त्यांनी जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या आफ्रिकेवरच्या लघुकादंबरीवर जे व्याख्यान दिले, ते अधिक गाजले. तथापि आफ्रिकी समीक्षेच्या दृष्टीने आधीचा निबंध अधिक मूलगामी आहे. याच सुमारास सोयिंका केंब्रिजमध्ये होते. त्यांची आफ्रिकी साहित्यावरील व्याख्याने इंग्रजी विभागाऐवजी सामाजिक मानवशास्त्राच्या विभागात झाली, कारण असे काही साहित्य असते हेच इंग्रजी विभागाला मान्य नव्हते.

घरातही एकमत नव्हते. चिनवेझू, जेमी आणि मादुबुइके या तीन नायजेरियन समीक्षकांनी सोयिंका-ओकिग्बो यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आणि युरोपीय आधुनिकतेच्या अनुकरणाचा आरोप केला. १९८० च्या त्यांच्या ग्रंथात तो सविस्तर आला. सोयिंका यांनी १९७५ मध्येच त्यांना 'नव-टार्झनवादी' ठरवले होते. आफ्रिकी परंपरा म्हणजे साधे, सरळ आणि गोड काहीतरी, ही कल्पनाच बाहेरून आलेली आहे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि योरुबा पुराणकथांची गुंतागुंत पाहता तो मला पटतो.

न्गुगींनी वादाची जागाच बदलली. १९७७ मध्ये केनियातील लिमुरूजवळच्या कमिरिथु गावात गावकऱ्यांनी स्वतः उघडे नाट्यगृह बांधले आणि 'न्गाहिका न्देंदा' हे गिकुयु या स्थानिक भाषेतील नाटक बसवले. संहितेचे वाचन चालू असताना गावकरी संवाद दुरुस्त करत; या वयाचा माणूस असे बोलणार नाही, हे लेखकाला सांगितले जाई. नाटकावर बंदी आली आणि ३१ डिसेंबर रोजी न्गुगींना अटक झाली. विनाखटला सुमारे वर्षभराच्या कैदेत त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयु कादंबरी लिहिली. १९८६ चे 'डीकॉलनायझिंग द माइंड' या अनुभवातून आलेले आहे, हे विसरून ते वाचले तर त्यातील आग्रह नुसता सैद्धांतिक वाटतो.

लेखिकांच्या बाबतीत ही समीक्षा बराच काळ उणी राहिली. फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' १९६६ ची आणि ग्रेस ओगोट यांची पहिली कादंबरीही त्याच वर्षाची. मारियामा बा यांच्या १९७९ च्या फ्रेंच कादंबरीला आफ्रिकेत प्रकाशित पुस्तकांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला. तरीही १९६८ पासून सिएरा लिओनच्या एल्ड्रेड जोन्स यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'आफ्रिकन लिटरेचर टुडे'चा लेखिकांना वाहिलेला अंक १९८७ मध्ये आला. वर्चस्वाविरुद्ध इतक्या जागरूक असलेल्या समीक्षकांना घरातले वर्चस्व उशिरा दिसले, ही या परंपरेची गंभीर उणीव आहे.

१९८० च्या दशकात परकीय चलनाची टंचाई, चलनाचे अवमूल्यन आणि लष्करी व एकपक्षीय राजवटी यांनी आफ्रिकी विद्यापीठांची वाताहत केली. ग्रंथालयांत नवी पुस्तके येईनाशी झाली, हाइनेमानच्या मालेची आफ्रिकेतील बाजारपेठ कोसळली. न्गुगी १९८२ पासून देशाबाहेर राहिले, इबादानचे समीक्षक अबिओला इरेले अमेरिकेत गेले, अचेबे १९९० च्या अपघातानंतर न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात शिकवू लागले. वसाहतोत्तर सिद्धान्ताचा पश्चिमेतील उत्कर्ष नेमका याच काळातला आहे. एक परंपरा थकली म्हणून दुसरी आली, असे झाले नाही. जिथे पगार, नियतकालिके आणि ग्रंथालये शिल्लक होती, तिथे चर्चा सरकली, आणि सरकताना तिची भाषा अधिक तांत्रिक झाली.

जानेवारी २००० मध्ये एरिट्रियातील अस्मारा येथे आफ्रिकी भाषांसाठी लेखक-अभ्यासकांनी संयुक्त जाहीरनामा काढला. त्यात ओबी वाली यांची जुनी मागणी सामूहिक स्वरूपात आली. इंग्रजीतील संदर्भसूच्यांत क्वचितच दिसणारे काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे: टांझानियातील दार-एस-सलाम विद्यापीठाच्या स्वाहिली विभागात स्वाहिली कादंबरी आणि कविता स्वाहिलीतूनच शिकवली जाते, तिच्यावरचे प्रबंध स्वाहिलीत लिहिले जातात, आणि मुक्तछंद कविता मानायची की नाही यावर तिथे १९७० च्या दशकापासून जोरदार वाद झाले आहेत.