कॅल्क्युलसमध्ये दुसरं अक्षर येतं तेव्हा

विद्यापीठात कॅल्क्युलसचा पहिला कोर्स संपवून विद्यार्थी पुढच्या कोर्सला बसतो, तेव्हा त्याची एक समजूत असते. आधी नुसता क्ष होता, आता जोडीला य आला, म्हणजे काम दुप्पट. बाकी सगळं तेच. सुरुवातीला ही समजूत खरीही वाटते. य स्थिर धरा, क्ष-नुसार डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढा. मग क्ष स्थिर धरा, य-नुसार काढा. सूत्रं जुनीच, हातही बसलेला. या विषयाला लोक अवघड का म्हणतात ते कळतं बहुधा लिमिटच्या एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या उदाहरणात.

सरळ रेषेवर एखाद्या बिंदूकडे यायच्या वाटा दोनच, डावीकडून किंवा उजवीकडून. दोन्हीकडून येताना फंक्शनची किंमत एकाच आकड्याकडे गेली की तो आकडा म्हणजे लिमिट, असं म्हणायचं आणि पुढे जायचं. प्रतलावर त्याच बिंदूकडे सरळ येता येतं, तिरकं येता येतं, वळसे घेत किंवा गोल गोल फिरतही येता येतं. वाढलं एकच अक्षर, पण दोन वाटांच्या जागी अगणित वाटा आल्या.

एक फंक्शन घेऊ. वर, म्हणजे अंशात, क्ष-चा वर्ग गुणिले य. खाली क्ष-चा चौथा घात अधिक य-चा वर्ग. क्ष आणि य दोन्ही शून्याकडे जाताना याचं काय होतं? य = क्ष या तिरक्या रेषेवरून येऊ. क्ष ०.१ असताना अंश ०.००१, छेद ०.०१०१, उत्तर जवळपास ०.१. क्ष ०.०१ केला की उत्तर ०.०१ च्या आसपास. म्हणजे शून्याकडे चाललंय. रेषा अधिक उभी घ्या, आडवी घ्या, उतार हवा तो घ्या, शून्यच येतं. सगळ्या सरळ रेषा तपासून झाल्या, आता लिमिट शून्य आहे असं लिहायला पेन उचललं जातं. पण त्याआधी य = क्ष-चा वर्ग या पॅराबोलावरून येऊन पाहू. क्ष ०.१, य ०.०१. अंश ०.०००१, छेद ०.०००२, उत्तर अर्धा. क्ष आणखी लहान करा, तरी अर्धा. या वाटेवर फंक्शन मूळबिंदूच्या, म्हणजे क्ष आणि य दोन्ही शून्य असलेल्या बिंदूच्या, कितीही जवळ आलं तरी अर्ध्यावरून हलत नाही. म्हणजे लिमिट नाहीच.

असंख्य रेषांवरून शून्य आणि एका वक्रावरून अर्धा! हे पाहून जो अस्वस्थ होत नाही त्याने उदाहरण नुसतं उतरवून घेतलं असं माझं मत आहे. वाटा एकेक करून तपासणं ही लिमिट नाही हे दाखवायची युक्ती आहे. लिमिट आहे हे त्या युक्तीने कधीच सिद्ध होत नाही. त्यासाठी वाट कुठली हे विसरून, मूळबिंदूपासूनचं अंतर एवढंच पाहावं लागतं.

एक अक्षर स्थिर धरून दुसऱ्यानुसार काढलेल्या डेरिव्हेटिव्हला पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणतात. त्याची गंमत याच अंगाने आहे. क्ष-नुसार आणि य-नुसार डेरिव्हेटिव्ह काढतो तेव्हा आपण फक्त दोन दिशांना डोकावलेलं असतं. क्ष गुणिले य, भागिले दोघांच्या वर्गांची बेरीज, असं फंक्शन घ्या आणि मूळबिंदूवर त्याची किंमत शून्य ठेवा. दोन्ही अक्षांवर ते शून्यच आहे, त्यामुळे दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह तिथे आहेत आणि शून्य आहेत. पण य = क्ष या रेषेवर मूळबिंदू सोडून ते सगळीकडे अर्धा आहे, म्हणजे मूळबिंदूपाशी फंक्शन तुटलेलं आहे. एका व्हेरिएबलच्या कॅल्क्युलसमध्ये डेरिव्हेटिव्ह असलेलं फंक्शन तुटलेलं असूच शकत नाही. इथे पार्शल डेरिव्हेटिव्ह सुखाने नांदतात आणि फंक्शन मात्र सलग नसतं. खरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे पृष्ठभागाला त्या बिंदूपाशी सर्व बाजूंनी नीट चिकटणारं सपाट प्रतल. ते असेल तर पार्शल डेरिव्हेटिव्ह असतातच. पण पार्शल डेरिव्हेटिव्ह असले म्हणून प्रतल असेलच असं नाही. (पार्शल डेरिव्हेटिव्हचं ते वळलेल्या शेपटीचं चिन्ह लजांद्रने १७८६ मध्ये वापरलं आणि सोडून दिलं. १८४१ मध्ये याकोबीने ते उचललं आणि मग ते टिकलं.)

चिकटणारं प्रतल मिळालं की ग्रेडियंट हाती येतो आणि पृष्ठभागाकडे डोंगर म्हणून पाहता येतं. प्रत्येक जागी सर्वांत तीव्र चढ कुठल्या दिशेला आणि किती, हे ग्रेडियंट सांगतो. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या समोच्च रेषांना तो नेहमी काटकोनात असतो. या रेषांचा एक सुरुवातीचा वापर खऱ्याच डोंगरावर झाला. स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या ओढीने ओळंबा किती ढळतो हे १७७४ मध्ये मोजलं गेलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची, तर डोंगरात दगड किती आहे हे कळायला हवं होतं. चार्ल्स हटनपुढे उंचीच्या आकड्यांचा ढीग होता. त्याने सारख्या उंचीचे आकडे रेषांनी जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उतरला. त्याचं उत्तर पाण्याच्या साडेचार पट आलं. आजचा आकडा साडेपाच पट आहे.

लाग्रांजची गुणकांची पद्धतही या रेषांवरूनच समजते. डोंगरावर एक ठरावीक पायवाट आहे, ती सोडायची नाही आणि तिच्यावरची सर्वांत उंच जागा शोधायची. पायवाट समोच्च रेषा ओलांडत असेल तोवर आपण चढत किंवा उतरत असतो. उंच जागी ती समोच्च रेषेला फक्त स्पर्श करते, म्हणून तिथे उंचीचा आणि पायवाटेच्या समीकरणाचा असे दोन ग्रेडियंट एका रेषेत येतात. एवढंच. पण परीक्षेसाठी हे समीकरणांच्या संचासारखं पाठ केलं जातं आणि चित्र राहून जातं. अर्थात चित्राबद्दल लाग्रांजकडे तक्रार करण्यात अर्थ नाही: १७८८ च्या ज्या ग्रंथात त्याने ही पद्धत वापरली त्यात एकही आकृती सापडणार नाही, असं त्याने प्रस्तावनेत अभिमानाने लिहून ठेवलंय.

ग्रेडियंटच्या उलट दिशेने थोडं थोडं उतरत किमान किंमत गाठायची ही कल्पना कोशीने १८४७ मध्ये मांडली. आजचे न्यूरल नेटवर्क शिकतात ते याच चालीने, फक्त व्हेरिएबल दोन नसून कोट्यवधी असतात. तिथे आणखी एक गोष्ट बदलते. ग्रेडियंट शून्य झाला म्हणजे तळ लागलाच असं नाही. काही दिशांना चढ आणि काहींना उतार असा सॅडल पॉइंट, म्हणजे खोगिराचा मध्य, असू शकतो. तळ असायला झाडून सगळ्या दिशांना चढ लागतो, आणि दिशा जितक्या जास्त तितकी ही अट कठीण.

डबल इंटिग्रलवर, म्हणजे पृष्ठभागाखालचं घनफळ काढण्यावर, बहुतेक कोर्सात बरेच तास जातात. त्यातला मोठा भाग हिशेबाचा, म्हणून इथे एकच रत्न. ई-चा उणे क्ष-वर्ग घात, म्हणजे संख्याशास्त्रातला घंटेच्या आकाराचा वक्र. त्याखालचं क्षेत्रफळ हवंय, पण ज्याचा डेरिव्हेटिव्ह हा वक्र असेल असं फंक्शन, म्हणजे त्याचा अँटिडेरिव्हेटिव्ह, नेहमीच्या फंक्शनांमध्ये नाही. मग ते क्षेत्रफळ स्वतःशीच गुणा. गुणाकार म्हणजे संपूर्ण प्रतलावरचं डबल इंटिग्रल, आणि त्यातलं फंक्शन फक्त केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून. अंतर आणि कोन घेऊन मोजायला गेलं की प्रत्येक छोट्या तुकड्याची रुंदी अंतराच्या पटीत वाढते, म्हणून अंतराचा एक जादा गुणक आत येतो. विद्यार्थी हमखास विसरतात तो हाच. पण त्याच्याचमुळे अडलेलं इंटिग्रल सुटतं आणि पाय (π) हे उत्तर येतं; मूळ क्षेत्रफळ पायचं वर्गमूळ. रेषेवरचा प्रश्न प्रतलावर नेल्याने सोपा झाला.

सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरवड्यात, सगळे थकलेले असताना, ग्रीन, स्टोक्स आणि गाउस यांची प्रमेयं येतात. ही व्यवस्था मला उलटी वाटते, कारण आधीचं सारं यांच्यासाठीच होतं. ग्रीनच्या प्रमेयात प्रतलावर जागोजागी बाण आहेत असं समजा, वाहत्या पाण्याचे समजा हवं तर. एका बंदिस्त प्रदेशात जागोजागी पाण्याला किती भोवरा आहे याची बेरीज केली, तर ती सीमेवरून एक फेरी मारताना मिळालेल्या एकूण रेट्याइतकीच भरते. का? प्रदेशाचे बारीक चौकोन पाडा आणि प्रत्येकाभोवती एकाच दिशेने फिरा. शेजारच्या चौकोनांची सामाईक बाजू एकदा वर जाताना मोजली जाते, एकदा खाली येताना, आणि हिशेब फिटतो. उरते फक्त जिला पलीकडे शेजारी नाही अशी बाहेरची कड.

जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमचा, वडिलांच्या पिठाच्या गिरणीत राबणारा, शाळा जेमतेम वर्षभर शिकलेला. १८२८ मध्ये त्याने आपला निबंध वर्गणी गोळा करून छापला. वर्गणीदार मिळाले ५१. चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ मध्ये वारला. निबंधाचं मोल १८४५ मध्ये तो भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या (पुढचा लॉर्ड केल्व्हिन) हाती पडल्यावर जगाला कळलं. पाठ्यपुस्तकात छापतात त्या रूपातलं प्रमेय मात्र त्या निबंधात नाही. ते १८४६ मध्ये कोशीने दिलं. स्टोक्सचीही तीच गत: त्याच्या नावाचं प्रमेय थॉमसनने १८५० मध्ये त्याला पत्रातून कळवलं होतं. स्टोक्सने ते १८५४ च्या केंब्रिजच्या बक्षीस-परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं. परीक्षार्थींमध्ये पुढे विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता.

त्याच वर्षी याकोब आम्सलरने आपला प्लॅनिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ मोजायचं उपकरण, बनवला. दोन दांड्या कोपरासारख्या जोडलेल्या, एका दांडीचं टोक कागदावर रोवलेलं, दुसरीच्या टोकाला टोकदार खूण आणि अंगावर एक छोटं चाक. नकाशावरच्या तळ्याच्या काठावरून खूण एकदा फिरवून परत सुरुवातीला आणायची. चाक दांडीला काटकोनातल्या हालचालीनेच फिरतं, दांडीच्या दिशेने नुसतं घसरतं. पुढे-मागे फिरून शेवटी चाक निव्वळ जितकं पुढे सरकलं, त्याला दांडीच्या लांबीने गुणलं की तळ्याचं क्षेत्रफळ. तळ्याच्या आत कोणी पाऊलही टाकलेलं नसतं. दांड्यांच्या या जोडणीतून जे बाण तयार होतात त्यांचा भोवरा सगळीकडे सारखा असतो, म्हणून कडेवरची बेरीज थेट क्षेत्रफळाच्या पटीत येते.

ग्रीनच्या प्रमेयाला एक अट आहे: प्रदेशात भोक नको, म्हणजे बाणच नाहीत अशी जागा नको. मूळबिंदूभोवती गोल फिरणारे बाण घ्या, अंतर एक असताना जोर एक आणि अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा होणारे. मूळबिंदू सोडला तर भोवरा सगळीकडे शून्य, तरी मूळबिंदूला वेढा घालून एक फेरी मारली की उत्तर दोन पाय. वेढा लहान असो, मोठा असो, वेडावाकडा असो, दोन पायच. वेढ्यात मूळबिंदू नसेल तर शून्य.

सरळ तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र नेमकं या आकाराचं असतं. इलेक्ट्रिशियनचा टाँग टेस्टर यावरच चालतो. जबडा उघडून तारेभोवती मिटवायचा, तांब्याला हात न लावता अँपिअर दिसतात. तार जबड्याच्या मधोमध असो की कडेला टेकलेली, आकडा जवळपास तोच. पण जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा एकदम जबड्यात घेतल्या तर दिवे लखलखत असूनही काटा शून्यावर बसतो, कारण वेढ्यातल्या विजेची बेरीज शून्य झालेली असते. आणि दोन्ही तारा आत असताना शून्य आलं नाही, तर गेलेली वीज पूर्ण परतलेली नाही, कुठेतरी गळते आहे. गळती होताच वीज तोडणारे ब्रेकर हीच बेरीज अखंड तपासत बसलेले असतात.