गॅस लीक झाला की वर जातो, हे खरं नाही

"सिलेंडर लीक झाला तर वरची खिडकी उघडा, गॅस हलका असतो, निघून जातो" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. नैसर्गिक गॅस, म्हणजे पाइपलाइनवाला, खरंच हवेपेक्षा हलका असतो, म्हणून घोळ होणं साहजिक आहे. पण लाल सिलेंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, त्यांचा रेणुभार 44 आणि 58, आणि हवेचा सरासरी 29. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकातून गणित करून बघा, एलपीजी हवेच्या दीड ते दोनपट जड निघतो, म्हणजे तो जमिनीलगत साचतो.

घरात निदान दाराच्या फटीतून थोडाफार बाहेर जातो. पण बामणोली-तापोळ्याकडं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात कुणी छोटी शिडाची होडी घेऊन त्यात शेगडी ठेवणार असेल तर जपून, कारण होडीचा तळ पाणी आत येऊ नये म्हणून बंदच असतो, त्यामुळं गॅस बादलीत भरल्यासारखा खाली बसून राहतो आणि वरचं झाकण उघडं असलं तरी एक ठिणगी पुरते. म्हणून सिलेंडर वेगळ्या बंद कप्प्यात आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट होडीबाहेर, पाण्याच्या वर उघडणारं भोक हवं. जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासा, बुडबुडे आले तर लीक आहे, काडी लावून कधीच बघू नका.

स्पिरिटची शेगडी? लीकची भीती कमी, पण उन्हात तिची ज्योत दिसतच नाही, त्यामुळं शेगडी गार झाल्याशिवाय स्पिरिट ओतायचं नाही.