पाण्यात उतरल्याची तारीख

ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात, दिव्याच्या चाळींमध्ये किंवा तुर्भे-सानपाड्याच्या सखल रस्त्यांवर पाणी गुडघ्याला लागतं, तेव्हा घरी पोचण्याखेरीज डोक्यात काही नसतं. पाणी ओसरलं की घर धुणं, फ्रीज आणि गाडी बघणं सुरू होतं. त्यात एक काम राहून जातं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाभोवती पेनाने गोल काढायचा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे लेप्टोच्या, बाबतीत गोळी कधी घ्यायची, रक्ताची तपासणी कोणती करायची, डोळ्यांवर कधीपर्यंत लक्ष ठेवायचं, हे सगळं त्या तारखेपासून मोजावं लागतं.

या आजाराचा लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू आहे. जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. उंदीर आणि घुशींच्या मूत्रपिंडात तो महिनोन्‌महिने राहतो. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही, पण लघवीतून तो बाहेर पडत राहतो. गुरं, डुकरं आणि कुत्रीही त्याचे वाहक असतात. कोरड्या जमिनीवर तो लगेच मरतो, खाऱ्या पाण्यातही फार तगत नाही. गोड्या पाण्यात आणि ओल्या चिखलात मात्र तो कित्येक आठवडे जिवंत राहतो.

म्हणूनच नवी मुंबईची रचना इथे लक्षात घ्यावी लागते. तिथल्या काही नोडमधली, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरांमधली, जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. पावसाचं पाणी धारण तलावात साठतं आणि ओहोटीला झडपांमधून खाडीत जातं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की झडपा मिटलेल्या राहतात आणि पाणी रस्त्यावर चढतं. हे पाणी खाडीचं वाटलं तरी बरंचसं पावसाचंच असतं, आणि गटारं, बिळं, कचराकुंड्या धुऊन आलेलं असतं.

धडधाकट त्वचेतून जंतू सहसा आत शिरत नाही. त्याला वाट मिळते ती खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या ओल्या आवरणातून, आणि चिखल्यांमधून. बोटांच्या बेचक्यांतली ती पांढरी, फुगलेली, भेगाळलेली कातडी अनेकांना जखम वाटतच नाही. सफाई कामगार आणि बाजार समितीत ओल्यात काम करणारे माथाडी यांना धोका अधिक असतो तो यामुळेच. गमबूट हवेतच, पण बुटात पाणी शिरलं तर ते ओतून पाय कोरडे करायला हवेत. पाणी भरलेल्या बुटात दिवसभर राहिलेल्या पायाला आणखी चिखल्या होतात.

आता गोळी. १९८४ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पनामाच्या जंगलात तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. निरौषधी गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात एकाला. त्यानंतर उत्तर अंदमानात ७८२ लोकांवर चाचणी झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष आले. इथे चित्र वेगळं दिसलं. जंतूंचा शिरकाव झाल्याची रक्तातली खूण दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती, पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण ६.८२ टक्क्यांवरून ३.११ टक्क्यांवर आलं.

आमच्या मते अंदमानचा हा निकाल ठाण्यासारख्या शहराला अधिक लागू पडतो. सैनिक तीन आठवड्यांनी निघून गेले, अंदमानचे लोक मात्र त्याच चिखलात राहत होते. डॉक्सिसायक्लिन दोन-चार दिवसांत शरीरातून निघून जातं, म्हणजे आठवडाभर ते पहारा देत नाही. आत आलेल्या जंतूंची संख्या वाढण्याआधीच ते त्यांना गाठतं. म्हणून वेळ महत्त्वाची. मुंबई परिसरातल्या आरोग्य यंत्रणा पुराच्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यायला सांगतात ते याचसाठी. एकदाच पाण्यातून गेलेल्या, पायाला जखम नसलेल्या प्रौढाला साधारणपणे २०० मिलिग्रॅमचा एक डोस दिला जातो. जखम असेल किंवा रोज पाण्यात उतरावं लागत असेल, तर मात्रा वाढते आणि ती डॉक्टरच ठरवतात. गोळी घेतली म्हणून पुढचा ताप लेप्टोचा नाहीच, असं मात्र धरू नये.

ही गोळी चुकीच्या पद्धतीने घेतल्यावर बिघडतं ते असं. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे व्रण पडतो. पूर्ण पेलाभर पाणी प्यावं, निदान अर्धा तास बसून राहावं. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावी. दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर घेतली तर ती नीट शोषलीच जात नाही, दोन तासांचं अंतर हवं. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनचा विचार करतात.

ताप बहुधा पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येतो, क्वचित तिसाव्या दिवसापर्यंतही. थंडी, डोकेदुखी, अंगदुखी तर डेंग्यूतही असते आणि प्लेटलेट दोन्हींत उतरतात. लेप्टोची शंका यावी ती पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखत असतील तर, आणि डोळे लालबुंद असूनही चिपडं येत नसतील तर. तपासणीतली सर्वांत मोठी गफलत दिवसांची असते. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, रक्तात दिसायला तापाचे पाच ते सात दिवस जावे लागतात. तिसऱ्या दिवशीची ‘निगेटिव्ह’ चिठ्ठी त्यामुळे काहीच सांगत नाही. पहिल्या आठवड्यात थेट जंतूचा अंश शोधणारी रक्ताची पीसीआर तपासणी उपयोगी पडते, नंतर आयजीएम. उलट बाजूही आहे: गेल्या पावसाळ्यात होऊन गेलेल्या संसर्गाचं आयजीएम महिनोन्‌महिने टिकू शकतं. पक्कं निदान हवं असेल तर दहा-चौदा दिवसांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन प्रतिपिंडं चौपट वाढली का ते पाहतात.

तेवढं थांबून उपचार करता येत नाहीत. शंका आली की प्रतिजैविक सुरू करायचं, हाच योग्य मार्ग. थायलंडमध्ये गंभीर लेप्टोच्या १७३ रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसातून एकदा १ ग्रॅम सेफ्ट्रायॅक्सोन हे दर सहा तासांनी १५ लाख युनिट पेनिसिलिन देण्याइतकंच परिणामकारक ठरलं. भरगच्च वॉर्डात चार इंजेक्शनांऐवजी एक, हा फरक लहान नाही. घरी तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडाला आणखी दुखावतात. लघवी कमी होणं, डोळे पिवळे पडणं, धाप लागणं किंवा थुंकीत रक्त दिसणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

ताप उतरला की लेप्टो संपला असं धरलं जातं, आणि रुग्णाची फाइल कपाटात जाते. नेदरलँड्समधल्या पाठपुराव्यात निदान पक्कं झालेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांना नंतरही थकवा, स्नायुदुखी, डोकेदुखी असे त्रास राहिल्याचं आढळलं आणि त्यांतल्या काहींचे दोन वर्षांहून अधिक टिकले. अशा माणसाला ‘आता कामावर यायला काय हरकत आहे’ असं विचारणाऱ्यांनी हे जाणून घ्यायला हवं. मूत्रपिंडाला इजा झालेल्यांनी घरी आल्यावरही रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं, मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं.

डोळ्यांचा धडा मदुराईचा. १९९३ च्या पुरानंतर तिथे लेप्टोची साथ आली, आणि १९९४ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्यांच्या आतल्या सुजेचे, म्हणजे युव्हायटिसचे, रुग्ण एकामागून एक येऊ लागले. त्यांचा माग पुराच्या पाण्यापर्यंत गेला. ही सूज तापानंतर काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी येते. जुलैत पाण्यातून चाललेल्या माणसाचा डोळा दिवाळीनंतर लाल होतो, उजेड सहन होत नाही, समोर धूसर दिसतं, काळे ठिपके तरंगतात. तो मेडिकलमधून ‘डोळे आल्याचे’ थेंब आणतो आणि आठवडा वाया जातो. नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राखाली पाहिलं तर सूज लगेच कळते, स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब वेळेत सुरू झाले तर बहुतेकांची दृष्टी टिकते. फक्त त्या वेळी डॉक्टरांना पावसाळ्यातला ताप आणि कॅलेंडरवरची ती तारीख सांगायची असते.