कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

१३ मे २०२४. लोकसभेचं मतदान. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या अलीकडे, नियमाप्रमाणे दोनशे मीटर लांब, कार्यकर्त्यांची टेबलं लागलेली. माझ्या पुढच्या आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जुनं कृष्णधवल मतदार ओळखपत्र काढलं. ‘एमटी’ने सुरू होणारा, मध्ये तिरक्या रेघा असलेला लांबलचक क्रमांक. टेबलावरचा पोरगा याद्यांची पानं उलटत म्हणाला, “आजोबा, कार्ड राहू द्या खिशात. आधी नाव सापडू दे.”

त्या पोराचं बरोबर होतं. मताचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. कार्ड एवढंच सांगतं, की ते नाव तुमचं आहे. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात कितीतरी लोक कार्ड हातात धरून केंद्रावरून परत फिरले, कारण यादीत त्यांची नावंच नव्हती. संताप उसळला, तो रास्तच होता. पण पेठेतला वाडा पडतो, बिऱ्हाड कोथरूडला नाहीतर धायरीला जातं, आणि नमुना ८ भरून पत्ता बदलायचं कोणाला सुचत नाही, हेही तितकंच खरं.

यादीचं दुखणं पहिल्या निवडणुकीपासूनचं. १९५१-५२ मध्ये साधारण १७ कोटी मतदार नोंदवले गेले, वयाची अट २१ वर्षांची. उत्तरेकडच्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. आपल्याकडचा घोळ निराळा. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत, त्यामुळे माहेरच्या कागदांवर कुसुम आणि सासरच्या यादीत सुमती.

त्या वेळी मत द्यायची तऱ्हाही वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या, जेमतेम एक रुपयाच्या नोटेएवढ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावच नसे. पुण्यातून काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांना मत द्यायचं, तर तो कागद बैलजोडीच्या पेटीत सोडायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्याला सोपं. पण कागद पेटीत न टाकता बाहेर आणून विकणंही सोपं. म्हणून पुढे एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि शिक्का मारायची पद्धत आली. १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाईही आली. शाईनं दुसऱ्यांदा मत द्यायला आलेला पकडता येई, पण दुसऱ्याच्या नावावर पहिल्यांदाच आलेल्याचं काय करणार?

त्यावरचा उपाय म्हणजे फोटोचं कार्ड. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी त्याचा आदेश काढला, आणि कार्डं दिली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही, असं राज्यांना बजावलं. शेषनसाहेबांच्या धाकाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, पण कार्ड घराघरांत पोचलं ते त्या धाकामुळेच. ते जवळ नसेल तरी अडत नाही. २०२४ मध्ये आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक अशी बारा पर्यायी कागदपत्रं चालत होती. टेबलावर मिळणारी स्लिप मात्र ओळखपत्र नव्हे. आयोगाची फोटो असलेली मतदार स्लिपसुद्धा २०१९ मध्ये एकटी चालेनाशी झाली.

मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळातल्या परवूरला झाला. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते मतदान रद्द ठरवलं. मग कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा सगळीकडे यंत्रावर झाली. मत कोणाला गेलं याची चिठ्ठी सात सेकंद दाखवणारं व्हीव्हीपॅट २०१३ पासूनचं. २०२४ मध्ये ८५ च्या पुढच्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना नमुना १२ड भरून घरूनच मत देता आलं. महापालिकेचा मामला वेगळा: तिथे राज्य निवडणूक आयोग, आणि २०१७ ला चार सदस्यांच्या प्रभागात एकेकाला चार मतं. चौथं बटण दाबायचं राहिलं की यंत्र वाजत नाही, मतदार बाहेर जायला निघतो आणि कर्मचारी हाका मारतात.

मतदान केंद्रावर कागदी मतपत्रिका आजही एका कामासाठी टिकून आहे. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागता येतं. ते कागदावर शिक्का मारून लिफाफ्यात जातं. आणि समोरचा मतदार खोटा आहे असं केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, म्हणजे पोलिंग एजंटला वाटलं, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेतो. दोन रुपयांत हल्ली कटिंगसुद्धा येत नाही, पण नियमातली रक्कम तीच आहे.

आजोबांचं नाव शेवटी सापडलं, आडनावात एक वेलांटी चुकलेली. आत पहिल्या अधिकाऱ्यानं ते तसंच मोठ्यानं वाचलं, कार्डावरचा तिशीतला फोटो आणि समोरचा चेहरा दोनदा पाहिला. एजंटांपैकी कोणी मान वर केली नाही. आजोबांनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली.