टोटल झॅप-७० आणि फॉस्फो झॅप-७०, हा घोळ थांबवा रे आता

मोनोक्लोनल म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, १९७५ ला कोहलर-मिलस्टाईननी हायब्रिडोमा काढला, एकाच क्लोनची अँटीबॉडी, एकच एपिटोप (प्रोटीनवरचा एक ठराविक छोटा तुकडा) धरणार, झालं. पॉलिक्लोनलशी (अनेक क्लोनच्या मिश्र अँटीबॉडींशी) तुलना दर सेमिनारला होते, त्यात मी पडत नाही.

घोळ टोटल आणि फॉस्फोचा. झॅप-७० म्हणजे टी-सेलमध्ये सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन; टोटल अँटीबॉडी ते सगळंच धरते, फॉस्फोवाली फक्त फॉस्फेट लागलेलं. देवरुखला घरी आलोय, काल रात्री पाऊस नुसता कोसळत होता, लाईट गेलेली, आणि पुण्याहून ज्युनिअरचा फोन, "दादा, ओकेटी३ दिलं तरी झॅप-७० वाढतच नाहीये, जर्कट सेल मेल्या वाटतं." (ओकेटी३ म्हणजे टी-सेलला चेतवणारी अँटीबॉडी, जर्कट म्हणजे लॅबमध्ये वाढवतात त्या टी-सेल.) फोटो मागवला तर ब्लॉटला (प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीनं ओळखतात ती पट्टी) टोटलची अँटीबॉडी लावलेली! अरे दोन मिनिटांच्या स्टिम्युलेशनमध्ये सेल नवं प्रोटीन कुठून आणणार? वाढतो तो त्यावरचा फॉस्फेट. ७० केडीएचा (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन) बँड सगळ्या लेनमध्ये सारखाच हवा, तसाच आलाय.

पडवीत शेवटची आढी होती, गवत बाजूला केलं की वास येतो तशी, तीच धरून त्याला सांगितलं. टोटल अँटीबॉडी आढीतले सगळे आंबे मोजते, फॉस्फोवाली फक्त पिकलेले. घातले तेव्हा दोनशे, आज पण दोनशेच, म्हणून पिकले नाहीत म्हणशील? काही जण उलटं करतात, नुसता फॉस्फो दाखवतात, मग बँड जाड झाला तो जास्त पिकले म्हणून की त्या लेनमध्ये आंबेच जास्त ओतले म्हणून, कसं कळणार? दोन्ही लावा, रेशो काढा.

आणि फॉस्फो दिसला म्हणजे प्रोटीन चालू असंही नाही हां. एलसीके बघा, झॅप-७० ला फॉस्फेट लावणारं एन्झाइम. टायरोसिन ३९४ ला (३९४ व्या जागेवरचं अमिनो आम्ल) फॉस्फेट लागला की गडी जोरात, पण ५०५ ला लागला की शेपूट स्वतःच्याच एसएच२ मध्ये (फॉस्फेटवालं टायरोसिन धरणारा भाग) अडकतं, दाराला आतून कडी. ती कडी सीएसके नावाचं एन्झाइम लावतं, सीडी४५ नावाचं काढतं. त्यामुळे ट्यूबवर नुसतं 'फॉस्फो एलसीके' लिहिलेलं बघितलं की माझं डोकं फिरतं, साईट लिहा! त्यात ३९४ साठी बरेच जण एसआरसी ४१६ ची अँटीबॉडी वापरतात (एसआरसी आणि फिन ही एलसीकेचीच भावंडं), ती फिनला पण धरते, मोनोक्लोनल असली तरी, कारण तिथला तुकडा दोघांत सारखाच.

बाकी किरकोळ. ऑर्थोव्हॅनाडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना थांबवतं ते) उकळून रंग जाईपर्यंत ॲक्टिव्हेट केलेलं घ्या, सगळं बर्फावर. ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा.

आज सकाळी त्याच ज्युनिअरचा मेसेज, "दादा, झॅप-७० च्या फॉस्फो ३१९ ची व्हायल फ्रीजमध्येच होती, लावली. ब्लॉकिंग दुधात केलंय, चालेल ना?"